पॅड बांधून बसलेला मुलगा

(१९८६ च्या दहावीच्या बॅचचा चाळीस वर्षांनंतरचा स्नेहमेळावा, पनवेल. तिथे केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे. संपादक मंडळाच्या सांगण्यावरून दोन-तीन ठिकाणचं पाल्हाळ तेवढं कापलं.)



आयोजकांनी मला विषय दिला होता, 'शाळेने मला काय दिलं'. माझ्याआधी तिघे जण त्यावर बोलले. तिघांनाही शाळेने शिस्त दिली, आणि तिघेही दिलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलले. तेव्हा तो विषय मी सोडून देतो.

दिवाळीनंतर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मैत्रिणीने रात्री साडेअकराला लिहिलं होतं. ती आज इथे आहे, नाव सांगत नाही. नातू बारा वर्षांचा. दोन वर्षं क्रिकेटच्या कोचिंगला जातो. संघात नाव असतं, पण सामन्यात खेळवत नाहीत. जावई उद्या सकाळी सरांना जाब विचारायला निघालेत. जाऊ देऊ का? त्याच्याखाली धडाधड उत्तरं आली. निम्म्यांनी लिहिलं, सोडू नका, विचाराच. काहींनी लिहिलं, क्लास बदला. एकाने नेहमीप्रमाणे गुलाबाच्या फुलासह शुभ रात्री पाठवली. मी उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी तिला फोन केला आणि म्हटलं, आज रात्री जावयांना थांबव. बाकीचं मेळाव्यात सांगतो. तर तेच सांगायला उभा आहे.

या विषयावर बोलायचा माझा अधिकार काय, असं कुणी विचारेल. अधिकार असा, की न खेळणाऱ्या मुलाच्या तिन्ही बाजूंना मी बसलेलो आहे. मी स्वतः तो मुलगा होतो. नंतर त्या मुलाचा बाप होतो. आणि आता गेली आठ वर्षं, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून, आमच्या कॉलनीतल्या पोरांच्या संघाचा स्कोअर लिहितो आणि किटबॅगा उचलतो. प्रशिक्षक दुसरे आहेत, तरुण आहेत. पण पालक बोलायला आधी माझ्याकडे येतात, कारण माझे केस पिकलेत.

पहिली बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती सरांसमोर सांगायची आहे आणि सर पहिल्याच रांगेत बसलेत.

१९८४ साल, आपण नववीत. तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेसाठी बारा जणांचा संघ निवडला. सात मैदानात, पाच राखीव. मी बारावा. तेव्हा जर्सी कुठल्या, बनियनवर ऑइलपेंटने आकडे घातले होते आणि माझा १२ ओला असतानाच कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, त्यामुळे शेवटपर्यंत तो १२ आहे की १७ हे पंचांनाही कळलं नाही. यादी लागली त्या दिवशी सरांनी मला पाण्याच्या टाकीपाशी बोलावलं. म्हणाले, "तू बारावा आहेस. दोघे आजारी पडले तरी तुला उतरवीनच असं नाही. तुझी पकड चांगली आहे, पण दम नाही, चढाईत श्वास सुटतो. पुढच्या वर्षी सातात यायचं असेल तर रोज वडाळे तलावाकडे पळायला जा. नको असेल तर आत्ताच सांग, दुसरा मुलगा वाट बघतोय." संपलं. अर्ध्या मिनिटाचं काम. मी दीड महिना पळालो, मग सोडलं. पुढच्या वर्षी दहावी आली. तीन सामन्यांत मी एकही चढाई केली नाही. लिंबाच्या फोडी आणि ग्लुकोजचा डबा सांभाळला.

सर, एक सांगू? तिसरा सामना आपण मध्यंतरालाच जिंकल्यात जमा होता. दोन लोण चढवले होते. शेवटची पाच मिनिटं मी तुमच्याकडे बघत होतो आणि तुम्ही मैदानाकडे. त्या पाच मिनिटांत तुम्ही मला उतरवायला हवं होतं. एकेचाळीस वर्षं झाली, अजून वाटतं. (सर मान हलवताहेत. होकारार्थी आहे की नकारार्थी, इथून कळत नाही.) पण दुसरंही सांगतो. तुम्ही मला खोटी आशा लावली नव्हती, म्हणून मी तुमच्यावर कधी चिडलो नाही. माझे वडील भातगिरणीत होते. मी संघात आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं, तर मी खेळत नाही हे कुठून ठाऊक असणार!

इथे थोडं आडवळण घेतो. शाळेचा संघ सोडला तर आपल्याला खेळायला मिळत नाही असं कधी झालं होतं का? भातं कापून झाली की शेतं मोकळी. आज जिथे नवीन पनवेलचे टॉवर आहेत, तिथे रोपांचे खुंट पायांना टोचत आपण क्रिकेट खेळायचो. जितके येतील तितके, दोन भाग करायचे. आणि कुणाचा लहान भाऊ रडत मागे आला तर त्याला काय करायचो? कच्चा लिंबू. तो दोन्हीकडून खेळणार, बाद झाला तरी बाद नाही, धावा केल्या तरी मोजायच्या नाहीत. पण बॅट हातात मिळणार. दहा वर्षांच्या पोरांना कुणी न शिकवता एवढी अक्कल होती, की ज्याला येत नाही त्यालाही खेळात ठेवायची सोय हवी. आता मैदान भाड्याने घ्यावं लागतं, सामना तासांवर असतो, अंपायरचं मानधन असतं. कच्च्या लिंबाचं मानधन कोण देणार?

आता दुसरी बाजू. ही सांगायला मला जड जातं.

माझा मुलगा २०१४ साली तेरा वर्षांचा होता. चौदा वर्षांखालच्या गटात, एका खासगी कोचिंगला जायचा. आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी, रविवारी सामना. चौदा जणांचा चमू. मी बँकेतला माणूस, वहीत नोंद ठेवायची सवय. पाच सामने झाले. मुलाच्या नावापुढे नोंद: फलंदाजी शून्य चेंडू, गोलंदाजी शून्य चेंडू, बदली क्षेत्ररक्षक तीन षटकं. मी आकडे घरी जेवताना वाचून दाखवत असे. तो काही बोलायचा नाही, आमटीत भात कालवत राहायचा. मला वाटायचं, पोरगा भिडस्त आहे, बोलायचं काम बापाचं.

सहावा सामना संपला. हरलो होतो. प्रशिक्षक मॅटिंग गुंडाळत होते, दोन मुलं खिळे उपटत होती. मी तिथेच गेलो. फी किती भरतो, महिने किती झाले, पेट्रोल किती जळलं, सगळं म्हणून दाखवलं. आवाज चढला. आणि मग ते वाक्य बोललो, जे मला परत घेता येत नाही. म्हणालो, "तो अमुक रोज लवकर आऊट होतो, तरी खेळतो, कारण त्याचे वडील टी-शर्टचे पैसे देतात." तो अमुक खिळे उपटणाऱ्या दोघांपैकी एक होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या मुलाचा मित्र. आमच्या घरी जेवून गेलेला.

पुढच्या रविवारी माझा मुलगा पाचव्या क्रमांकावर खेळायला गेला. ज्याच्याविषयी बोललो होतो तो बाहेर बसला. मी जिंकलो होतो ना! घरी येताना टेम्पोत मुलाच्या शेजारी कुणी बसलं नाही, हे मला दोन वर्षांनी कळलं. त्या रात्री तो एवढंच म्हणाला, "बाबा, सरांनी नाही खेळवलं मला. तुम्ही खेळवलंत." दिवाळीनंतर त्याने सांगितलं, गणिताचा क्लास आहे, क्रिकेटला वेळ नाही. किटबॅग माळ्यावर गेली. बॅट अजून आहे, तिच्यावरचं प्लास्टिकही पुरतं निघालेलं नाही.

हे आज इथे सांगू का, असं मी त्याला फोनवर विचारलं. पुण्याला असतो तो. म्हणाला, "सांगा. पण मी नऊ केल्या होत्या, दोन चौके आणि एक सिंगल. ते नीट सांगा." तर नऊ केल्या होत्या. दोन चौके, एक सिंगल.

आता प्रशिक्षकांचं चुकलं नव्हतं असं मी म्हणत नाही. पाच सामने एका मुलाला कोरडं ठेवायचं आणि का ते त्याला सांगायचंही नाही, हे चूकच. पण माझ्या प्रश्नाची जागा चुकली, वेळ चुकली, माणसांसमोर विचारायचा नव्हता तो विचारला, आणि सगळ्यात मोठं म्हणजे ज्याचा प्रश्न त्याला न विचारता विचारला. तो तेव्हा फलंदाजीसाठी झुरत नव्हता, असं त्याने नंतर सांगितलं. त्याला यष्टिरक्षण करायचं होतं. चमूत एक यष्टिरक्षक होता, आणि तो चांगला होता. माझ्या वहीत त्याचा रकानाच नव्हता.

स्कोअर लिहायला लागल्यावर मला या गोष्टीचा हिशेब कळला. तुम्हीही करून बघा. वीस षटकांचा सामना म्हणजे १२० चेंडू. सलामीची जोडी जमली तर सातव्या क्रमांकाच्या खाली कुणाला बॅट लागत नाही. एका गोलंदाजाला चार षटकं, म्हणजे पाच जणांत गोलंदाजी आटोपते. म्हणजे अकरांत असूनही तीन-चार मुलं अशी राहतात, की त्यांनी दिवसभरात फक्त चेंडू अडवला. त्यांचे आईबाप खूश असतात, कारण मुलगा 'खेळला'. आणि बाहेर बसलेल्या तिघांचे आईबाप माझ्याकडे येतात. फाइन लेगला तीन तास उभा राहिलेला मुलगा आणि बाकावरचा मुलगा यांत फरक फक्त उन्हाचा असतो. खेळायला मिळालं का, हा प्रश्न नावं वाचून सुटत नाही. चेंडू मोजावे लागतात.

स्कोअरबुकात जो फलंदाजीला गेला नाही त्याच्यापुढे तेवढंच लिहितात, फलंदाजी केली नाही. या तीन शब्दांची सगळ्यात प्रसिद्ध नोंद आपल्यापैकी पुष्कळांच्या वेळची आहे. फेब्रुवारी १९८८. आपण बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर होतो. आझाद मैदान, हॅरिस शिल्डची उपांत्य फेरी, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, भागीदारी ६६४ ची. डाव २ बाद ७४८ वर सोडला. हे सगळ्यांना पाठ आहे. त्या डावात पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा होता अमोल मुजुमदार. वय १३. भागीदारी दुसऱ्या दिवसावर गेली, तोही दुसऱ्या दिवशी पॅड बांधून बसला. त्याची पाळी आलीच नाही.

पुढे त्याने रणजी पदार्पणातच हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. पदार्पणातला तेव्हाचा तो जागतिक विक्रम होता. प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, ३० शतकं, २००६-०७ ला कर्णधार म्हणून मुंबईला रणजी करंडक. भारताकडून एकही सामना नाही. त्याची पिढी द्रविड, गांगुली, लक्ष्मण यांची होती, त्याला कोण काय करणार? आणि गेल्या २ नोव्हेंबरला, आपल्या हार्बर लाइनवरच्या नेरूळला, डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तोच होता.

थांबा, टाळ्या नकोत. मी ही गोष्ट मुलांना धीर द्यायला सांगत नाही. उलट, ती सांगू नका असंच पालकांना सांगतो. बाकावर बसलेल्या बारा वर्षांच्या मुलाला 'अरे, अमोल मुजुमदारही बसला होता' म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचं महत्त्व सांगणं. मुजुमदार आचरेकर सरांच्या हाताखाली होता. ते आपल्या मुलांना स्कूटरवर घालून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, की इथे बाद झाला तर तिथे खेळू दे. त्या दोन दिवसांत बॅट मिळाली नाही, पण खेळायला मिळत नव्हतं असं नव्हे. आपल्या पोरांना रविवारचा एकच सामना असतो. तोही मांडव पडला किंवा कुणाचा वाढदिवस मैदानात असला की गेला. जून ते ऑक्टोबर आपल्याकडचा पाऊस. उरले किती रविवार? मुलं खेळत नाहीत याचं अर्धं कारण प्रशिक्षकाच्या मनात नसतंच, ते मैदानात असतं. त्याच्याशी कोण भांडणार? तिथे पाणी कमी आणि हंडे जास्त अशी गत आहे.

त्या विश्वचषकातली दुसरी एक गोष्ट मात्र मी सांगतो. जेमिमा रॉड्रिग्जला इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात संघाबाहेर बसवलं होतं. पुढे उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना तिने नाबाद १२७ केल्या. पण मला १२७ पेक्षा तिचं सामन्यानंतरचं बोलणं लक्षात राहिलं. स्पर्धेत जवळजवळ रोज रडले, मनावर ताण होता, घरच्यांनी आणि मैत्रिणींनी सांभाळलं, असं ती सगळ्यांसमोर बोलली. पंचवीस वर्षांची, भारताकडून कितीतरी सामने खेळलेली मुलगी. तिला बसवलं तर तिला रडू येतं. मग आपला बारा वर्षांचा मुलगा गाडीत काचेबाहेर बघत गप्प बसला, तर त्याला 'एवढं काय त्यात' म्हणू नये. आणि त्याच वेळी 'थांब, मी बघतो त्या सरांना' असंही म्हणू नये. मग काय म्हणावं? बहुतेक वेळा काही म्हणायची गरज नसते. वडापाव घ्यावा. ज्याला बोलायचं आहे तो वडापाव संपल्यावर बोलतो, असा माझा आठ वर्षांचा अनुभव आहे.

रात्र जाऊ द्यावी. हा माझा एक नियम आहे, पालकांना मी तो हात जोडून सांगतो. सामना झाला त्या दिवशी प्रशिक्षकाशी खेळण्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. त्या दिवशी सगळेच हरलेले असतात, जिंकलेलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी मुलाला विचारा, तुला काय वाटतं? उत्तर ऐकून तुम्ही चाट पडाल. आमच्याकडे एक मुलगा आहे, त्याची आई दर महिन्याला माझ्याकडे तक्रार घेऊन येते. पोरगा मात्र मजेत. त्याला सामन्याला जायचं असतं ते टेम्पोत मागे बसायला मिळतं म्हणून, आणि पाणी घेऊन मैदानात धावत जायला त्याला मनापासून आवडतं. त्याला कुणी जबरदस्तीने सलामीला पाठवलं तर बिचारा पळून जाईल. उलट एक मुलगी होती. तक्रार नाही, चकार शब्द नाही. पण आमचा डाव सुरू झाला की ती कुणी न सांगता पॅड बांधून बसायची, नवव्या क्रमांकावर नाव असताना. सामना संपला की सोडायची. सहा रविवार. ते माझ्या लक्षात यायला सहा रविवार लागले, आणि मी तर खास हेच बघायला बसलेला माणूस! तिची आई कधीच आली नाही तक्रार घेऊन.

मुलाला खरंच सलत असेल, तर विचारायला त्यालाच पाठवावं. दहा-अकरा वर्षांचा मुलगा हे करू शकतो, फक्त घरी एकदा म्हणून घ्यावं लागतं. 'मला का खेळवत नाही' असं विचारलं तर सर बचाव करतात. 'संघात यायला मी काय करू' असं विचारलं तर सरांना उत्तर द्यावं लागतं. आपल्या सरांनी मला टाकीपाशी दिलं तसं: दम नाही, पळ. ते उत्तर मुलाला एकदा मिळालं की अर्धी सल जाते, पुढचं त्याच्या पायांवर. त्याहून लहान असेल, किंवा विचारूनही उत्तर मिळालं नाही, तर आईबापांनी जावं. वेळ मागून, बाजूला, शांतपणे, आणि दुसऱ्या मुलाचं नाव तोंडात न आणता. मी ज्या मुलाचं नाव घेतलं होतं, तो आता मोठा झालाय. मध्ये एकदा ओरियन मॉलपाशी भेटला. वाकून नमस्कार केला मला. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

काही ठिकाणी थांबूच नये, हेही सांगतो. जिथे मुलांना चारचौघांत घालूनपाडून बोलतात, किंवा जागेला दर लागतो, तिथे भांडू नये, वाट बघू नये. मुलाला उचलावं आणि दुसरीकडे न्यावं. आणि दहावीतल्या मुलांचे पालक तर वेगळ्याच काळजीने येतात. खेळाडूंना परीक्षेत वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, तेव्हा "खेळवू नका हवं तर, पण यादीत नाव घाला" असं हळूच सांगतात. त्यांना मी काय उत्तर देतो ते इथे सांगत नाही, गुरुजन बसलेत.

प्रशिक्षकांनाही एक सांगणं आहे, आणि ते मी आमच्या तरुण प्रशिक्षकांना भांडून मान्य करायला लावलं. मोठ्यांच्या स्पर्धेत जिंकायला जा, सर्वोत्तम अकरा खेळवा, माझी हरकत नाही. पण बारा वर्षांखालच्या पोराला चमूत घेतलं, त्याची फी घेतली, तर त्याला खेळवलंच पाहिजे. आपल्यातला एक जण न्यू जर्सीला आहे, आज येऊ शकला नाही. त्याने सांगितलं, तिकडे लिटल लीग बेसबॉलमध्ये हे प्रशिक्षकाच्या मर्जीवर ठेवलेलंच नाही. प्रत्येक मुलाला निदान एकदा फलंदाजी आणि क्षेत्ररक्षणाची ठरावीक पाळी मिळालीच पाहिजे, असा नियमच आहे. लहान मुलांच्या फुटबॉलच्या एका मोठ्या संस्थेत प्रत्येकाने निदान अर्धा सामना खेळायचा असतो. इंग्लंडात लहान मुलं जोड्यांचं क्रिकेट खेळतात. तेच आम्ही उचललं. बारा मुलं, सहा जोड्या, प्रत्येक जोडीला चार षटकं. बाद झालात तरी खेळत राहायचं, फक्त बाद झाल्यावर पाच धावा वजा. गोलंदाजीही सगळ्यांना दोन-दोन षटकं. बघितलंत ना? कच्चा लिंबूच तो, फक्त आता त्याचा हिशेब ठेवतात.

पहिल्या रविवारी काय झालं सांगतो. आमचा सगळ्यात चांगला फलंदाज चार षटकं संपल्यावर बॅट सोडेना. त्याचे वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, "माझ्या मुलावर अन्याय होतोय." मी म्हटलं, रात्र जाऊ द्या, उद्या बोलू. ती पॅड बांधून बसणारी मुलगी चौथ्या जोडीत होती. सहा वेळा बाद झाली. म्हणजे वजा ३०. जोडीदाराचं तोंड एवढंसं झालं. ती मात्र बाहेर आली आणि मला म्हणाली, "काका, किती चेंडू खेळले मी?" मी मोजून सांगितलं, अकरा. तिने ते दोनदा म्हणून घेतलं आणि पॅड सोडायला बसली.

आपल्या मैत्रिणीच्या नातवाचं काय झालं, ते राहिलंच. जावई गेले नाहीत. नातवाने स्वतः विचारलं. सरांनी सांगितलं, तुझा थ्रो यष्टीपर्यंत पोचत नाही. आता तो गच्चीवर टाकीच्या दिशेने चेंडू फेकतो आणि खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार करतात. अजून संघात आलेला नाही. मैत्रीण म्हणते, खालच्या मजल्याशी आता ती स्वतः भांडते, आणि तिथे मात्र रात्र जाऊ देत नाही.

वेळ संपल्याची घंटा झाली. एक काम राहिलं. मला चष्मा असूनही आता लांबून पंचांची बोटं नीट दिसत नाहीत, त्यामुळे बाय की लेग बाय यावरून मुलांशी वाद होतात. रविवारी सकाळी सात वाजता खांदा कॉलनीच्या मैदानावर स्कोअर लिहायला दुसरा माणूस हवा आहे. अनुभव नसला तरी चालेल. वही आणि पेन्सिल मी देतो, खोडरबर आपापला आणावा. सर, तुम्हाला जमत असेल तर रिक्षा घेऊन मी स्वतः येतो.